दडवलेली तुकडी

२४ जून १९९१

मेधाने चपट्या डब्याचं झाकण उघडलं आणि एक शिशाचा शिपाई माझ्या तळहातावर ठेवला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. गेल्या श्रावणातली गोष्ट, एफ.वाय.ला आमची ओळख झाली तेव्हाची. बोटाच्या दोन पेरांएवढा शिपाई. हातात धनुष्य, पाठीवर भाता, दाढीचे कुरळे केससुद्धा कोरलेले. रंग नाही, नुसतं राखाडी शिसं. म्हणाली, "हा इराणी. म्हणजे जुना, अडीच हजार वर्षांपूर्वीचा. ग्रीकांचा मार खाणारा. घेतोस का याची बाजू?"

घेतो म्हटलं. तिने विचारलं असतं तर गाढवाची बाजू घेतली असती.

आज एस.वाय.ला नाव घालायचा शेवटचा दिवस होता. गेलो नाही. घरी सांगितलेलं नाही. कॉलेजसाठी म्हणून आणलेली वही, तीच ही.

२७ जून

पुढे कधी वाचलं तर मलाच आठवावं म्हणून लिहून ठेवतो. मेधाचे (इथून पुढे मे. कोण बघतंय!) काका बोटीवर असतात. त्यांनी दोन डबे आणले, एक ग्रीकांचा, एक इराण्यांचा, आणि एक इंग्रजी नियमांचं पुस्तक. टेबलावर फौजा मांडायच्या, फासे टाकायचे, टेपने मोजून पुढे सरकायचं. लुटुपुटूचं नाही, बुद्धिबळापेक्षा डोकं जास्त लागतं. पुस्तक तिनेच सगळं वाचलंय, म्हणून ती पंच.

ग्रीक संदीपचे. हा ठाण्याचा, नौपाड्यातला. इंजिनियरिंगचं शेवटचं वर्ष. मे.च्या आईच्या मैत्रिणीचा मुलगा. त्याची आत्या लंडनला, तिकडून ग्रीकांची पाकिटं येतात. माझे इराणी आठच. आठ इराणी कुठे आणि त्याची भालेकऱ्यांची भिंत कुठे! गेल्या खेळात माझा राजा पहिल्या अर्ध्या तासात पळून गेला. सं. हसला नाही. मला त्याचं न हसणं जास्त लागलं.

३ जुलै

इराणी वाढवायचे. लंडनची आत्या नाही तर नाही. वसंतकाकांच्या गणपतीच्या कारखान्यात बारावीपासून बसतोय, साचा काढणं मला नवीन नाही. प्लॅस्टरचे दोन अर्धे साचे, आत शिसं ओतायचं. पण शिसं?

संध्याकाळी माळ्यावर आज्याची पाग दिसली. खाडीत फेकायचं गोल जाळं, कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या. कित्येक वर्षं टांगलेली. बाबांना विचारलं. ते विडी शिलगावत म्हणाले,

"घे. खाडीन कं राहिलंय आता? पानी काला, मासा रॉकेलचा. कशाला पायजे?"

"कारखान्यात," मी म्हटलं. अर्धं खरं.

गोळ्या काढताना आज्याच्या हाताच्या गाठी सोडवाव्या लागल्या. सुटता सुटत नव्हत्या.

९ जुलै

साचा ओला राहिला. वसंतकाकांनी सांगितलेलं की गणपती ओला चालतो, शिशाला ओलं चालत नाही. मी घाई केली. शिसं आत जाताच फुस्स झालं आणि सगळं उलटं माझ्या मनगटावर.

मे.कडे गेलेलो तसाच. तिने मलम लावलं. फुंकर घातली. "मूर्ख आहेस तू, हरेश. एका इराण्यासाठी हात जाळून घेतोस?" हात तिने धरून ठेवलेला, मलम वाळेपर्यंत.

एकासाठी नाही, मनात म्हटलं.

डाग राहील म्हणतात. राहू दे.

२१ जुलै

साचे चुलीवर शेकून कडक केले. आता फटाफट निघतायत. भाले शिशाचे वाकतात, म्हणून टाचण्यांचे लावले. राजाच्या खास पहाऱ्यातल्या शिपायांच्या भाल्याच्या बुडाशी सोन्याचं डाळिंब असायचं, असं पुस्तकात आहे. मी मोहरीचा दाणा चिकटवला आणि सोनेरी रंग दिला. आई ओरडली, "अरे मोहरी गेली कुठं सगली?" फौजेत भरती झाली, म्हटलं.

या पहारेकऱ्यांना 'अमर' म्हणतात. मे.ने त्यांचा नियम वाचून दाखवला. एक पडला की राखीवातला दुसरा लगेच त्याच्या जागी उभा. रांगेत भोक म्हणून दिसायचं नाही.

"म्हणजे मेला ते कळणारच नाही कोणाला?" मी विचारलं.

"तेच तर. म्हणून अमर."

बाबांनी एक अमर उचलून उजेडात धरला. "हा कं, बाई कं बाप्या? झगा घातलाय. आन् याचेसाठी माज्या बापाची पाग?" पण खाली ठेवताना नीट रांगेत ठेवला.

२८ जुलै

हरलो. पण तासभर टिकलो. सं.चे घोडे नेहमी डाव्या बाजूने, आमराईजवळून येतात (आमराई म्हणजे हिरवा रंगवलेला स्पंज, टाचणीवर). आज चौथा खेळ, चौथ्यांदा तिथूनच. मोठा हुशार, पण सवय मोडत नाही.

पुस्तकात आहे, घोड्याला उंटाचा वास सहन होत नाही. उंट दिसला की घोडा उधळतो. पूर्वी एका राजाने अख्खी लढाई अशी मारलेली. मला उंट पाहिजेत.

आणि दडवलेल्या तुकडीचा नियम. काही शिपाई टेबलावर मांडायचेच नाहीत, डब्यात बंद ठेवायचे. कुठे दडलेत ते फक्त पंचाच्या कानात सांगायचं. शत्रू त्या जागेजवळ आला की डबा उघडून बाहेर. आला नाही तर डबा बंदच.

पंचाच्या कानात. नियम करणारा माणूस देव असला पाहिजे.

१८ ऑगस्ट

कारखान्यात मरणाची गडबड. गणपतींचे डोळे मी लिहितो, म्हणजे आखणी. वसंतकाका दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. सगळे रंग झाल्यावर अगदी शेवटी डोळे. तोवर मूर्ती आंधळी. डोळे लिहिताना बोलायचं नाही, श्वाससुद्धा हिशेबात.

आज मे. आलेली, बघायला. डोंबिवली पूर्वेहून पुलावरून पश्चिमेला, मग आमच्या गावापर्यंत रिक्षा, चिखल तुडवत. तासभर माझ्यामागे उभी. माझा हात हलला नाही, पण कसा नाही हलला ते माझं मला माहीत. संपल्यावर म्हणाली, "हे सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटतंय." मग हळूच, "माझे डोळे काढशील कधी?"

काढीन.

वसंतकाका ती गेल्यावर म्हणाले, "पोरी ब्रश बिघडवतात रे. जपून." आणि हसले. मी रात्रभर हसत होतो.

२ सप्टेंबर

घरी कळलं. कॉलेज. बाबा उठून बाहेर जाऊन बसले. हे मारण्यापेक्षा वाईट. आई म्हणाली, "शिकला असतास तं हापिसात बसला असतास." माझं डोकं फिरलं, काहीतरी बोललो. काय ते लिहीत नाही.

ती जिथे आहे तिथे पोचायला कॉलेजच लागतं असं थोडंच. मी एवढं करून दाखवतोय.

२२ सप्टेंबर

विसर्जन उद्या. कारखाना रिकामा. सगळा वेळ इराण्यांना. पिवळे, जांभळे, निळे झगे. गणपतीच्या पितांबराचा उरलेला रंग अमरांना लागला, चांगलाच खुललाय.

मे.च्या घरी गेलेलो. तिची आई फोनवर कोणाशी तरी, "अहो, पक्ष संपू दे, मग ठेवू. नवरात्रात बरं." फोन ठेवून मला बघून थोडी दचकली. मग म्हणाली, "हरेश, तुमची ती मोठी लढाई आहे ना, ती नवरात्रातल्या रविवारी ठेवा. संदीपच्या घरचेही येतील बघायला."

लढाईला पितृपक्ष लागतो हे नव्हतं माहीत. पण आमच्याकडेही पक्षात नवीन काही करत नाहीत. बरोबर आहे. बायकांना या गोष्टी आधी सुचतात.

मे. स्वयंपाकघरात होती, बाहेर आली नाही.

२९ सप्टेंबर

उंट झाले! मूळ डब्यात उंट नव्हताच. मेणाचा स्वतः कोरला, एका चित्रावरून. मान पहिल्यांदा शेळीसारखी झालेली. चौथ्यांदा जमली.

आणि एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. एका उंटावर राणी बसवलीय. इराण्यांच्या फौजेत राणी नव्हती, मला माहीत आहे. पण माझ्या फौजेत आहे. ओढणी मोरपिशी. चेहरा नखाएवढासुद्धा नाही. त्यात डोळे लिहिले. मे.चे. तीन केसांचा ब्रश, श्वास धरून. दोनदा पुसले. तिसऱ्यांदा ती माझ्याकडे बघायला लागली आणि मी ब्रश खाली ठेवला.

राणी दडवलेल्या तुकडीत जाणार. उंट आमराईत. सं.चे घोडे येतील, डबा उघडायची वेळ होईल, पंच म्हणून मे.च झाकण काढेल. तिथे ती असेल. तेव्हा मला काही बोलावं लागणार नाही. बोलायला गेलो की मी सगळं बिघडवतो.

१० ऑक्टोबर

रविवार ठरला. मे.ला फोन केला, नाक्यावरच्या बूथवरून. आवाज वेगळाच.

"हरेश, तू... रविवारी येणारच आहेस ना?"

"म्हणजे? माझ्याशिवाय इराणी कोण चालवणार?"

 मग, "हो. तेही खरंच."

"आणि ऐक. दडवलेली तुकडी आमराईत. उंट. कोणाला सांगू नको."

"पंच आहे मी," ती म्हणाली. हसली. मागे रांगेतला माणूस काचेवर टकटक करत होता म्हणून ठेवला.

१२ ऑक्टोबर

झोप येत नाही. कपडे: निळा शर्ट. आईने इस्त्री केली, विचारलं कुठे. लढाईला म्हटलं. ती म्हणाली, "जिंकून ये." तिला काही कळलेलं नाही आणि सगळं कळलंय.

१३ ऑक्टोबर

लिहितो. सगळं लिहितो. नाहीतर उद्या मला वाटेल मीच काही तरी...

गेलो तेव्हा दार उघडंच. चपला इतक्या की माझ्या ठेवायला जागा नव्हती. हॉलमध्ये टेबल मांडलेलं, हिरवं कापड, टेकड्यांसाठी खाली जुनी पाठ्यपुस्तकं. सगळं नेहमीसारखं. फक्त खुर्च्या जास्त. सं.चे बाबा टायमध्ये, आई शालू नाही पण शालूसारखंच काहीतरी, इथलीच एक आत्या. मे. मोरपिशी साडीत. माझ्या राणीच्याच रंगाची! मी डबा छातीशी धरून उभा. मला वाटलं, माझ्यासाठी. लढाईसाठी. मला खरंच वाटलं.

"हा हरेश," मे.ची आई म्हणाली. "फार छान रंगवतो. गणपतीसुद्धा."

सं.चे बाबा माझ्या अमरांजवळ वाकले. "अरे वा. ही मोहरी का?" हो म्हटलं. "कल्पक आहेस." मला आवडले ते त्या क्षणी. त्याचाच राग येतो आता.

मांडलं. दडवलेल्यांचा डबा (बिस्किटांचा, पत्र्याचा) टेबलाखाली ठेवला. फासा सं.चा पडला, पहिली चाल त्याची.

आणि त्याने घोडे उजवीकडून काढले.

उजवीकडून! चारही खेळांत कधी नाही. डावीकडे आमराईसमोर त्याने भालेकऱ्यांची एक रांग नुसती उभी केली, लांब, टेपने मोजून, डबा उघडायला लागू नये इतक्या अंतरावर. तिथे टेबलावर झाडं सोडून काही नव्हतं. रिकाम्या झाडांसमोर कोणी रांग लावत नाही. त्याला माहीत होतं.

मी मे.कडे बघितलं. ती टेपकडे बघत होती. टेपवर काहीच नव्हतं बघण्यासारखं.

मग काय. माझे मधले धनुर्धारी गेले. अमर पडले, त्यांच्या जागी अमर आले, तेही पडले. उंट आमराईत बसून राहिले, त्यांच्याजवळ कोणी गेलंच नाही. राजाचा रथ त्याने घेतला तेव्हा त्याच्या बाबांनी टाळी वाजवली. "आमचे चिरंजीव सेनापती निघाले की!" सगळे हसले. मे.ची आई म्हणाली, "मेधा, सेनापतींना पोहे आण आता."

पोहे आले. ती ट्रे घेऊन, पदर सावरत, खाली बघत. सं.च्या आईपुढे आधी. आत्याने विचारलं, "पोहे हिनेच केलेत ना?" आणि माझ्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. पक्ष. नवरात्र. साडी. खुर्च्या. सं.च्या घरचे. पत्रिका जुळलीच आहे, असं कोणीतरी म्हणालं.

लढाई बघायला नव्हते आले. मे.ला बघायला आलेले. लढाई म्हणजे मुलगा-मुलगी एकमेकांसमोर बोलती व्हावीत म्हणून ठेवलेला पत्त्यांचा डाव. आणि मी तो पत्ते पिसणारा.

"हरेश, जरा पाण्याचे ग्लास नेतोस का तिकडे?" मे.च्या आईने विचारलं. सहज. मी नेले.

मी ग्लास नेले! मी, ज्याने टी.वाय.च्या एका पोराला कॉरिडॉरमध्ये नुसत्या नजरेवरून लोळवलेला. 

फौज तिथेच टाकून आलो. डबाही टेबलाखालीच राहिला.

१४ ऑक्टोबर

तिने सांगितलं. दुसरं कोणी नाही सांगू शकत. फक्त तिच्या कानात होतं ते.

एक खेळ हरलो हे काय मोठं. पण मी तिला सांगितलेलं ते उंटांबद्दल नव्हतं फक्त.

१६ ऑक्टोबर

ठाण्याला गेलो. सं.ला बाहेर बोलवलं, तलावपाळीला. ठरवून गेलेलो, एक तरी कानाखाली. तो चप्पल घालून आला, हातात पिशवी, आईने दूध आणायला सांगितलेलं.

"तुला आमराईचं कसं कळलं?"

त्याने लपवलं पण नाही. "मेधाने सांगितलं."

"तू विचारलंस?"

"नाही रे. मी कशाला विचारू? सकाळी फोन आला तिचा. म्हणाली, बाबा येणारेत, घोडे डावीकडून नेऊ नकोस." पुढे, जरा लाजून, "सॉरी यार. मलाही ते आवडलं नाही. पण ती एवढ्या काळजीने सांगत होती..."

एवढ्या काळजीने.

हात वर झालेला माझा, तसाच खाली आला. त्याला मारून काय होणार? त्याने तर लपवलं पण नाही. साला चांगला माणूस आहे. हेच सर्वांत वाईट आहे. मी त्याच्या दुधाच्या पिशवीकडे बघत म्हटलं, "दूधकेंद्र बंद होईल, जा."

१८ ऑक्टोबर. दसरा.

सोनं द्यायला गेलो नाही कोणाकडे. वसंतकाकांनी माणूस पाठवलेला. म्हणालो ताप आहे.

मनगटावरचा डाग खाजतो.

२७ ऑक्टोबर

बाबा आज माळ्यावर चढले. वसंतकाकांच्या मुलाला खाडीत बोईट मासे गावले, म्हणे चांगले हाताएवढे. पावसाने पाणी धुतलंय या वर्षी. बाबांच्या डोळ्यांत असं काहीतरी मी लहानपणीच बघितलेलं. पाग खाली काढली आणि बघतात तर कडेला गोळ्याच नाहीत. विसरले होते ते, दिलेल्या.

अंगणात उभं राहून त्यांनी तशीच फेकली एकदा. पाग हवेत गोल उघडली, सुंदर, आणि जमिनीवर ओढणीसारखी हळूच येऊन पडली. वजनच नाही.

"पान्यान बसाची नाय ही," ते म्हणाले. "वरच तरंगल. मासा हसल." मग माझ्याकडे न बघता, "ते शिपाय हायत ना तुजे? दिवालीनंतर मना शिसं दे. खेल झाला ना तुजा आता?"

त्यांना कोणी काय सांगितलं मला माहीत नाही. गावात काही लपत नाही. झाला म्हटलं.

रात्री आई म्हणाली, "त्यांनी मागितलं ते शिश्यासाठी नाय रे. तू परत खाडीवर यावास म्हणून." मी पांघरूण ओढून घेतलं.

नरक चतुर्दशी

पहाटे फडके रोड. जायचं नव्हतं, पाय गेले. सगळं डोंबिवली तिथे, नवे कपडे, कोण कोणाला बघतंय. ती दोघं दिसली. ती त्याला काहीतरी समजावत होती, हात हवेत, अंतर दाखवत. टेपने मोजतात तसं. खेळाबद्दलच बोलत असणार.

तिने मला बघितलं. हात वर केला. नेहमीसारखा! जणू काही झालंच नाही. जणू मी हरलो, एवढंच.

मी गर्दीत घुसलो. एका पोराचा पाय तुडवला, त्याने शिवी दिली, मी कॉलर धरली, दोघा-तिघांनी सोडवलं. नवा शर्ट फाटला. बरं वाटलं थोडा वेळ.

१० नोव्हेंबर

भाऊबीज झाली, पाहुणे गेले असतील असा हिशेब करून आज गेलो. खांद्यावर गोणपाटाची पिशवी. मे.नेच दार उघडलं. आई देवळात.

"आलास. मला वाटलं आता येणारच नाहीस."

"शिसं न्यायला आलोय. बाबांना पाग भरायचीय."

फौज कपाटात नीट लावलेली. काचेमागे. ग्रीक वर, इराणी खाली. मी काच सरकवली आणि एकेक पिशवीत टाकायला लागलो. टाचण्यांचे भाले वाकत होते. मोहऱ्या फरशीवर पडत होत्या.

"अरे हरेश! वितळवणार? वेड लागलंय का? किती महिने..." तिने माझा हात धरला, त्याच डागावर. "संदीप म्हणत होता, लग्नानंतर पुण्याला राहायचंय, तिकडे जागा मोठी आहे, दोन्ही फौजा एकत्र ठेवू. काचेचं कपाट करू. खाली तुझं नाव लिहू. रंगकाम, हरेश."

रंगकाम, हरेश.

"तू त्याला का सांगितलंस?"

तिने हात सोडला. बराच वेळ खाली पडलेली मोहरी वेचत राहिली. मग म्हणाली, "त्याचे बाबा पहिल्यांदा घरी आलेले. तू नाही बघितलंस त्यांना, घरी ते त्याच्याशी कसे बोलतात ते. तो सगळ्यांसमोर हरला असता, घोडे उधळले असते, आणि ते काहीतरी बोलले असते, आणि तो गप्प बसला असता. मला ते बघवलं नसतं रे."

"आणि मी?"

"तू काय..." ती खरंच गोंधळली. खोटं नव्हतं ते, मी तिचे डोळे लिहिलेत, मला कळतं. "तू घरचाच ना. तुझ्यासमोर काय कोणाची लाज?"

तिला वाटलं हे चांगलं बोलली.

मला खूप बोलायचं होतं. ओरडायचं होतं. कारखान्यात आलीस ते का आलीस. डोळे काढशील का, हे का विचारलंस. पण मला दिसलं की ती सगळ्याचं उत्तर देईल, आणि प्रत्येक उत्तर असंच असेल, खरं आणि साधं. ती कुठेच खोटी नव्हती. मीच एकटा ज्या लढाईला गेलेलो ती तिथे चालूच नव्हती. पण मग पंचाने शब्द मोडला त्याचं काय? ते तर खोटं होतंच ना. तेवढं एक मी धरून ठेवणार. तेही सोडलं तर माझ्याकडे काय उरतं.

तिच्या काकांचे आठ जुने इराणी बाजूला काढून कपाटात परत ठेवले. ते तिचे. पहिला धनुर्धारीसुद्धा. पिशवीचं तोंड बांधलं. वजन एवढं की खांदा वाकला.

"तो डबा राहिला," ती म्हणाली. "बिस्किटांचा. टेबलाखालचा. मी उघडला नाही हं. खेळात उघडायची वेळ आली नाही ना, म्हणून तसाच ठेवला."

वरच्या फळीवर होता. झाकण घट्ट. तिने काढून माझ्यासमोर धरला. आतले उंट हलले, वर बसलेली राणीही, आवाज झाला.

बाबांच्या पागेला तेवढंच शिसं कमी पडेल. दोन-तीन गोळ्यांचं. पाग एका बाजूने तरंगेल.

"तुझ्याकडेच राहू दे," मी म्हटलं. "बाहेर न आलेली तुकडी पंचाकडे राहते."

"असा नियम कुठाय?"

"आजपासून."

"आत काय आहे? उंटच ना नुसते?"

"पंचाला माहीत असतं," मी म्हटलं.

ती डबा धरून उभी होती, अंगठा झाकणाच्या कडेवर. मी चपला घातल्या, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. आपटलं नाही.